ओळख एकदाच विचारावी

प्रिय अन्वी आणि मिहिर,

रविवारी फोनवर मी तुम्हा दोघांकडून नऊ अक्षरं पाठ करून घेतली आणि ती कुठेही लिहायची नाहीत अशी ताकीद दिली, तेव्हा तुम्ही खूप हसलात. मिहिर म्हणाला, "आजी, तू? तू तर लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तारीख लिहितेस!" खरं आहे. आयुष्यभर मी सगळं लिहून ठेवत आले. डाळीच्या डब्यांवर चिठ्ठ्या, कपाटाच्या दाराला आतून कपाटातल्या वस्तूंची यादी. तुमच्या आईच्या लसी कोणत्या दिवशी टोचल्या तेसुद्धा एका वहीत अजून आहे. म्हणून ही नऊ अक्षरं का लिहायची नाहीत, हे मला नीट सांगायला हवं. फोनवर ते जमलं नसतं. मध्येच आवाज तुटतो, आणि मग मी भलतंच काहीतरी बोलून मोकळी होते.

ती अक्षरं ज्यांच्यामुळे माझ्याकडे आली, ते सर गेल्या महिन्यात वारले. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आपलं नाव कागदावर आलेलं त्यांना आवडत नसे. वसमतमध्ये सगळे त्यांना टायपिंगचे सर म्हणत.

मोंढ्याच्या रस्त्यावर एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. पंधरा टाइपरायटर, पंधरा स्टुलं आणि एक खिडकी. तुमचे आजोबा गेल्यावर हळदीचा कारखाना माझ्या अंगावर पडला. कारखाना म्हणजे काय, हळद पॉलिश करायचं आणि दळायचं यंत्र, एक गोदाम, आणि फाटकाशी गाड्यांचं वजन करायचा काटा. माझं इंग्रजी टायपिंग औरंगाबादला कॉलेजात असतानाच झालेलं होतं, मराठी येत नव्हतं. म्हणून मी तो जिना चढले. सरांनी मला इंग्रजीतला एक परिच्छेद दिला, आणि मी टाइप करायला लागले तशी ते माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, रागावले की काय. माझं झाल्यावर भिंतीकडे बघतच म्हणाले, "पंचावन्न. चुका दोन." कागद त्यांनी बघितलाही नव्हता. चुका दोनच होत्या.

"पोरीच्या बोटाकडं बघितलं की पोरगी चुकते," असं त्याचं कारण त्यांनी पुढे एकदा सांगितलं. "आन् बघायचं काहून? ऐकू तर येऊन राहिलं."

त्या दिवसापासून मी 'पंचावन्न बाई'. सर माणसांना नावानं हाक मारत नसत, मिनिटाला किती शब्द त्या आकड्यानं मारत. वीस वर्षांत गावातल्या निम्म्या पोरांनी त्यांच्याकडे परीक्षा दिली होती. ती पोरं पुढे कचेऱ्यांत, बँकांत, पोलिसात लागली, तरी सरांसाठी ती चाळीस, तीस आणि पस्तीसच राहिली. रस्त्यात एखादा जमादार भेटला की सर भर चौकात विचारत, "काय पंचवीस, 'ळ' सापडला का न्हाई अजून?" आणि जमादार टोपी काढून डोकं खाजवत हसे. मी म्हटलं, "सर, माणसाला नाव असतं." ते म्हणाले, "नाव बदलतं बाई. लगीन झालं की आडनाव बदलतं, बदली झाली की हुद्दा बदलतो. स्पीड न्हाई बदलत."

त्यांच्या खिशाला पेन नसे. आमच्या गावात ज्याला दोन अक्षरं येतात त्याच्या खिशाला पेन असतं, आणि हा माणूस रोज सकाळी सातपासून लोकांना लिहायला शिकवायचा, पण स्वतः कशावर काही लिहायचा नाही. गाड्यांचे नंबर, फोनचे नंबर, कोणाच्या पोराची परीक्षा कधी, सगळं डोक्यात.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला त्यांनी आठ टाइपरायटर विकून दोन कॉम्प्युटर माडीवर चढवले. शिकवायला कोणी नव्हतं. जाडजूड इंग्रजी पुस्तकं मागवायचे आणि अडलं की सायकलवरून कारखान्यात माझ्याकडे यायचे. वाक्य मी समजावायची, यंत्र ते समजावायचे. अशी आमची मैत्री झाली. एकदा त्यांनी एका लांबलचक शब्दावर बोट ठेवलं. मी सांगितलं, "ऑथेंटिकेशन. म्हणजे मी तोच आहे, हे पटवून देणं."

"म्हंजे पुरावा देणं?"

"हो, तसंच."

सर त्या शब्दावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "किती वेळा द्यावा म्हणतं पुस्तक?"

मी पान उलटलं. पुढे लिहिलं होतं की एकाच जागी अनेक कामं असतील तर माणसाला पहिल्या दारावर एकदाच विचारावं, आणि बाकीच्या दारांनी त्या पहिल्या दारावर विश्वास ठेवावा. मी मराठीत सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं, डोळे मिटून. मला तेव्हा गंमत वाटली. ते डोळे का मिटले हे मला कळायला बरीच वर्षं जावी लागली.

त्यांची लेक सुमन. ते तांड्यावर जन्मलेले, आणि तांड्यावरून कॉलेजपर्यंत पोचलेली ती त्यांच्या घरातली पहिली मुलगी. तिचा नर्सिंगच्या शिक्षणाला नंबर लागला होता. आपला जिल्हा नुकताच परभणीतून वेगळा झालेला, दाखल्यांवर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव. सर तिला घेऊन प्रवेशासाठी गेले तर तिथे पाच खिडक्या. प्रत्येक खिडकीवर तेच. नाव काय, बापाचं नाव काय, तांडा कोणता, जन्म कुठला, हा दाखला जुन्या जिल्ह्याचा का. पहिल्या खिडकीनं शिक्का मारला तर दुसरी तो मानायला तयार नाही. चौथ्या खिडकीत बसलेला कारकून सरांचाच विद्यार्थी होता. सर हरखून म्हणाले, "अरे, तीस!" तो उठून उभा राहिला, वाकून नमस्कार केला, आणि परत खाली बसून म्हणाला, "सर, आपण कोण ते कागदावर दाखवा." सर म्हणाले, "तू वळखतोस ना मला?" तो म्हणाला, "मी ओळखतो सर. खिडकी कुठं ओळखते?"

तिसऱ्या दिवशी दुपारी मुदत संपली. सुमनची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. वर्षाच्या आत सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला एका तांड्यावर तिचं लग्न झालं. हे सगळं मला सुमननं सांगितलं. सरांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही.

आता आपल्या कारखान्याबद्दल. तोवर आमच्याकडेही तीन कॉम्प्युटर आले होते. काट्याचा प्रोग्राम एकाकडून घेतलेला, गोदामाचा दुसऱ्याकडून, हळदीतला ओलावा आणि रंग तपासायचा तिसऱ्याकडून, आणि पत्रं पाठवायची सोय आणखी वेगळी. चार कामं, चार पासवर्ड. मी ते चारही टाइप करून प्रत्येक पडद्याखाली चिकटवले होते, वर प्लॅस्टिक लावून. काट्यावर रहीमचाचा होते. ते जेवायला गेले आणि गाडी आली की पलीकडच्या लिंबाखालून ओरडायचे, "अरे, गुलाब छियासी डालो और तौल लो अपना!" गाडीवाले स्वतःच आत जाऊन आपल्या गाडीचं वजन करून घ्यायचे. कोणी लबाडी केली असं मला कधी आढळलं नाही, पण सरांनी पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा ते सायकलवरून उतरून तिथेच उभे राहिले.

"चाचा, घराला कुलूप लावता का?"

"लावतो की."

"किल्ली?"

"उंबऱ्यावर ठेवतो. घरवाली को कैसे मिलेगी फिर?"

सरांनी कपाळाला हात लावला. पुढचे चार महिने ते रोज दुपारी येऊन कोपऱ्यातल्या खोलीत बसायचे. चारही प्रोग्राम आधी एका मुख्य मशीनला विचारतील, अशी रचना त्यांनी केली. मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपन्यांत तेव्हा असलं काही असेल. सात माणसांच्या हळदीच्या कारखान्यात ते करायला कोणी सांगितलं नव्हतं. मला समजावताना म्हणाले, "लग्नघरात मांडवाच्या दारात एकदा वळखलं की झालं ना बाई? पंगतीत बसल्यावर वाढणारा विचारतो का, तुमी कुणाकडचे? तसं. सकाळी एकदा सांगायचं, मी कोण. मंग दिवसभर मशीननं परत तोंड वर करून विचारायचं न्हाई."

प्रत्येकाला आपली एकेक किल्ली. पासवर्ड हा शब्द ते वापरत नसत. नियम तीन. किल्ली कोणाला सांगायची नाही आणि लिहायची नाही. पाच वेळा चुकली की ते नाव बंद, आणि बंद झालेलं नाव फक्त सर उघडणार. तिसरा नियम असा की दरवर्षी दसऱ्याला किल्ली बदलायची. बदलली नाही तर तेही नाव बंद.

दसऱ्यालाच का, तर त्या दिवशी आम्ही यंत्रांची पूजा करतो. काट्याला, चक्कीला, कॉम्प्युटरला झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू वाहायचं. मग एकेकानं कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन मुख्य मशीनसमोर बसायचं आणि नवी किल्ली टाकायची. सर तिथे भिंतीकडे तोंड करून उभे. त्यांचं बघून बाकीचेही भिंतीकडे तोंड करायला लागले, आणि दोन-तीन वर्षांत ती आमची रीतच झाली. एक जण टाइप करतोय आणि सहा माणसं, कपाळाला गंध लावून, भिंतीला नाक लावून उभी. रहीमचाचा एका बोटानं, एकेक अक्षर शोधून दाबायचे.

"चाचा, जरा भराभर दाबा," सर भिंतीला सांगायचे. "तुमची अक्षरं मला ऐकूनच कळून राहिली."

"तो कान भी दीवार में डालो ना, सर!"

मला वाटतं, सरांच्या आयुष्यातले ते सगळ्यांत सुखाचे दिवस असावेत. त्यांनी तीच रचना गावातल्या इतर धंद्यांना द्यायची ठरवली. औषधांची दुकानं, एक छापखाना, एक खासगी दवाखाना, बियाण्यांचं दुकान, सगळीकडे गेले. लोक खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे, आणि म्हणायचे, "सर, चार माणसांचं दुकान आपलं, तेही घरचेच. घरच्या माणसाला का कुणी नाव विचारतं?" सर म्हणायचे, "तेच तर! विचारू नये म्हणूनच तर करून राहिलो." ते कोणाला कळायचं नाही. छापखान्यानं घेतली आणि सहा महिन्यांत काढून टाकली, कारण मालकाला आपली किल्ली मेहुण्याला देता येईना. शेवटी राहिलो आम्ही एकटे. तोवर माडीवरचा क्लासही बसत चालला होता. पोरं टायपिंग सोडून कॉम्प्युटरच्या नव्या, थंड हवेच्या क्लासात जायला लागली होती.

आता मी जे लिहिणार आहे ते मला गेली काही वर्षं रोज आठवतं.

हळदीचे दिवस होते, उन्हाळ्याची सुरुवात. सर दुपारी आले. खुर्चीवर टेकले, पण चहाला हात लावला नाही. म्हणाले, "आज वार कोणता, बाई?" मी म्हटलं, गुरुवार. मग म्हणाले, "एक काम होतं. माझी किल्ली तुमी पाठ करून ठेवा."

त्यांची किल्ली म्हणजे सगळ्यांच्या वरची. नवं नाव घालायचं, बंद पडलेलं उघडायचं, ते फक्त तिनं व्हायचं.

मी म्हटलं, "अगदी बरोबर, सर. मी हे मागेच म्हणणार होते. कागदावर लिहून द्या, मी पाकिटात घालून लाख लावते, वर तुमची सही घेते आणि कपाटात ठेवते."

"कागदावर न्हाई. कागद कुणाच्याबी हातात जातो. तोंडी सांगतो. चौदा अक्षरं हायत. रोज एकदा मनात म्हणायची."

"तोंडी मला नको, सर. उद्या मीच विसरले तर?"

"तुमी विसरलात तर मी हाय. मी विसरलो तर तुमी. म्हणून तर आलो."

मी हसले. मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "तुम्ही कुठले विसरताय, अख्ख्या वसमतचा स्पीड तुम्हाला पाठ! तुमच्या नियमात तुम्हीच मोडतोड करू नका. द्यायची तर लेखी द्या."

त्यांच्या कपाळावर घाम होता, तो मी उन्हाच्या खात्यावर टाकला. मग उठले आणि दारात थांबून म्हणाले, "आज वार कोणता म्हणलात?"

मी परत सांगितलं, गुरुवार. आणि माझ्या कामाला लागले. मी इतकी व्यवस्थित बाई, पण एकाच दुपारी तोच प्रश्न दोनदा आलाय, याची नोंद माझ्या डोक्यात झाली नाही.

त्या दसऱ्याला विमल नावाची नवी मुलगी तपासणीच्या कामावर आली होती. तिचं नाव यादीत घालायचं होतं, म्हणजे सरांना आधी स्वतःची किल्ली लावणं भाग होतं. पूजा झाली. सर मुख्य मशीनसमोर बसले. त्यांच्या गळ्यात कोणीतरी कौतुकानं झेंडूची माळ घातली होती. आम्ही सगळे रीतीप्रमाणे भिंतीकडे वळलो. विमललाही चाचांनी खांद्याला धरून वळवलं.

सरांची बोटं चालायची ती पाऊस पडल्यासारखी, मधे थांबा नसायचा. त्या दिवशी मला चार अक्षरं ऐकू आली आणि मग काही नाही. मग दोन, सावकाश. मग एन्टर. मशीननं बारीक आवाज केला.

"बोट सरकलं," सर म्हणाले.

पुन्हा चार अक्षरं. पुन्हा थांबले. कोणी वळलं नाही. माझ्या नाकासमोर भिंतीचा चुना होता, त्यावर मुंग्यांची एक रांग चालली होती, ती मी बघत राहिले. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. प्रत्येक वेळी पहिली चार अक्षरं स्पष्ट आणि झपाझप, आणि त्यापुढे सगळं अंधारात चाचपडल्यासारखं. मला वळून म्हणायचं होतं, सर, राहू द्या, उद्या करू. पण रीत मोडली तर त्यांना काय वाटेल, म्हणून मी भिंतीकडेच बघत राहिले. हाही माझा व्यवस्थितपणा.

पाचव्यांदा मशीननं लांब आवाज काढला. पडद्यावर जे वाक्य यायचं ते सरांनीच मराठीत घातलेलं होतं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, परीक्षेचा परिच्छेद वाचून दाखवावा तसं.

"आपली ओळख पटली नाही. नाव बंद करण्यात आले आहे."

मग म्हणाले, "बराबर हाय."

आम्ही वळलो तेव्हा ते गळ्यातली माळ काढत होते. ती त्यांनी मशीनवर ठेवली, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि चालू पडले. सायकल तिथेच राहिली. चपला रहीमचाचांच्या होत्या. मी हाक मारणार, तेवढ्यात चाचांनी माझ्यासमोर हात आडवा धरला. "जाने दो, बाई." त्या दिवशी चाचा अनवाणी घरी गेले.

सर त्यानंतर कारखान्यात आले नाहीत. मी महिनाभर रोज त्यांच्या घरी माणूस पाठवला, स्वतःही गेले. आधी ते भेटत नसत. नंतर भेटायला लागले तेव्हा भेटून उपयोग नव्हता.

आमची नावं एकेक करून बंद होत गेली. एक जण पाच वेळा चुकला. एक नोकरी सोडून पुण्याला गेला. चाचांचा पाय मोडला आणि ते दसऱ्याला येऊ शकले नाहीत. उघडणारा कोणी नव्हता. नांदेडहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक माणूस आणला. त्यानं बघून सांगितलं, "मॅडम, अर्ध्या दिवसाचं काम आहे. सगळं पुसून नवीन टाकतो."

"नावांचं काय होईल?"

"नावंपण जातील. काय करायचीत नावं?"

मी त्याला चहा पाजून परत पाठवला. माझ्या नावानं जेवढं उघडत होतं तेवढं सगळं छापून फायलींत लावलं, कामासाठी नवीन मशीनं घेतली, आणि सरांचं मशीन कोपऱ्यातल्या खोलीत तसंच ठेवलं. नव्या पडद्यांखाली पुन्हा चिठ्ठ्या आल्या. त्या मीच चिकटवल्या.

सरांच्या पत्नी आधीच गेल्या होत्या, म्हणून सुमन त्यांना आपल्या तांड्यावर घेऊन गेली. गेल्या वर्षी मी तिकडे गेले. पिशवीत त्या मशीनचा कीबोर्ड नेला होता, टॉवेलमध्ये गुंडाळून. खरं सांगते, अजून मला आशा होती. डोकं विसरलं तरी बोटांना आठवत असेल, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

सर अंगणात बाजेवर बसले होते. केस बारीक कापलेले, सदरा धुतलेला. माझ्याकडे बघून अदबीनं म्हणाले, "आपण कोण?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. सुमननं पाणी आणलं, तर तिलाही म्हणाले, "आपण कोण?"

"तुमची लेक, बापू. सुमन."

"बरं, बरं." आणि पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा, "आपण कोण?"

"सुमन, बापू. तुमची लेक."

माझे डोळे भरून आले. तिनं पेला उचलला आणि माझ्याजवळ बसली. म्हणाली, "बाई, तुमी नका रडू. मी दिवसातून पन्नास येळा सांगते. त्या खिडक्यावाल्यांनी पाचदा विचारलं तवा माझा जीव गेला होता. ह्यांनी विचारलं तर मला कायबी तकलीफ न्हाई. माझा बाप हाय, विचारू दे." खिडक्यांची ती सगळी गोष्ट तिनं मला त्याच दिवशी सांगितली, बापाच्या देखत. ते दुसऱ्या कोणाबद्दल ऐकावं तसं ऐकत होते आणि मध्येच म्हणाले, "वाईट झालं. मंग त्या पोरीचं काय झालं?"

सुमन म्हणाली, "बरं चाललंय तिचं."

मग मी कीबोर्ड काढला आणि बाजेवर त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो ओळखला. निदान मला तसं वाटलं, कारण त्यांचा चेहरा एकदम बदलला. मी म्हटलं, "सर, तुमची किल्ली. टाका."

ते ताडकन उठले. मला वाटलं, आता हात पुढे करतील. ते चार पावलं चालत घराच्या भिंतीपाशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"टाका बाई," ते म्हणाले. "मी बघत न्हाई."

बाजेवर मी आणि तो कशालाच न जोडलेला कीबोर्ड. सुमन तोंडावर पदर घेऊन उभी. ते वाट बघत होते, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. शेवटी मी टाइप केलं. मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी माझी स्वतःची नऊ अक्षरं टाइप केली, आणि मग पहिल्या दिवशीचा तो इंग्रजी परिच्छेद, आठवला तेवढा.

"पंचेचाळीस," सर भिंतीला म्हणाले. "स्पीड कमी झाला."

मग वळले, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "आपण कोण?"

मी नऊ अक्षरं तुम्हाला तोंडी का सांगितली, ते आता कळलं असेल. कोणालाही न सांगण्याच्या त्यांच्या नियमात हे बसत नाही. पण तो नियम त्यांनी स्वतः एकदा मोडायचा प्रयत्न केला होता, आणि मी त्यांना मोडू दिला नाही. मी आता त्र्याहत्तर वर्षांची आहे. तुम्ही रोज एकदा मनात म्हणा. मी विसरले तर मला सांगा.

सरांची सायकल सुमनच्या मुलाकडे आहे. माडीवरचे टाइपरायटर भंगारात गेले. मुख्य मशीन कोपऱ्यातल्या खोलीत आहे, दसऱ्याला मी त्याला माळ घालते आणि अक्षरं बदलते. या वेळी बदलली की तुम्हाला फोन करून नवी सांगेन. यादीत सात नावं आहेत. पहिलं सरांचं, ते बंद आहे. त्याखालची पाच बंद आहेत. शेवटचं माझं आहे. काल सकाळी मी मशीन लावलं. त्यानं मला एकदा विचारलं, मी सांगितलं, आणि सगळी दारं उघडली.

तुमची,
आजी